मांत्रिकाचा अतिरिक्त कार्यभार

वैशाखात वर्ध्याचे रस्ते दुपारी बारापासून पाचपर्यंत, संचारबंदीचा हुकूम कोणीही काढलेला नसताना, इतके निर्मनुष्य होतात की बजाज चौकात एखादे कुत्रे आडवे गेले तरी त्याच्या धैर्याचे कौतुक वाटावे. अशा वेळी शहाणी माणसे खिडक्यांना ओले पडदे लावून निजतात. आणि सुट्टीसाठी आमच्याकडे आलेला माझा भाचा व त्याचे चार स्नेही, शहाण्यांत त्यांची गणना अद्याप झालेली नसल्यामुळे, कूलरच्या झोतासमोर सतरंजी अंथरून, कागद, पेन्सिली आणि चार अंगांपासून वीस अंगांपर्यंत नाना आकारांचे फासे यांच्या साहाय्याने ड्रॅगन नामक पंखवाल्या सर्पाच्या निर्दालनात मग्न होतात. हा उष्म्याचा परिणाम असावा, असे समजून पहिले आठ दिवस मी तिकडे कानाडोळा केला. नवव्या दिवशी मात्र माजघरातून "डीएम नाही म्हणतात!" असा आर्त उद्गार ऐकू आला, आणि महसूल खात्यात चौतीस वर्षे लेखणी झिजवलेल्या माणसाच्या अंगी जी सवय निवृत्तीनंतरही शिल्लक राहते तिला अनुसरून मी झोपेतून उठून, सदऱ्याची वरची गुंडी लावून चपला शोधू लागलो, कारण आमच्या भाषेत डीएम म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, आणि जिल्हा दंडाधिकारी 'नाही' म्हणतात तेव्हा ते कशाला नाही म्हणतात हे आडवे पडून ऐकण्याचा प्रघात नाही.

माजघरात जाऊन पाहतो तो हे पद तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या, अर्ध्या चड्डीतील एका मुलाकडे असल्याचे निदर्शनास आले. त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा तीन घड्यांचा आडोसा होता आणि आडोशामागे चिवड्याची ताटली होती. डीएम म्हणजे डंजन मास्टर, अर्थात तळघराचा अधिपती, असा खुलासा भाच्याने केला. या अधिपतीच्या राज्यात पाऊस केव्हा पडावा, राक्षसाला भूक केव्हा लागावी, बाजारात दोरखंडाचा भाव काय असावा आणि कोणाचा मृत्यू कोणत्या कारणाने घडावा हे सर्व तोच ठरवतो, आणि त्याच्या निर्णयावर अपील नाही. १८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला तेव्हापासून आजतागायत इतके अधिकार येथील कोणत्याही कलेक्टरास लाभलेले नाहीत.

माझ्या मनात प्रथम आली ती कायद्याची बाजू. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा अमलात आहे, आणि त्यातील गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत. तेव्हा निवृत्त अव्वल कारकुनाच्या राहत्या घरी, भरदिवसा, पाच इसम जमून मंत्रप्रयोग करीत आहेत ही गोष्ट शेजाऱ्यांनी कशी घ्यावी, हा प्रश्न उपस्थित होत होता. परंतु कायद्याची अनुसूची पुन्हा एकदा नजरेखालून घातली तेव्हा, अद्भुत शक्तीचा दावा करून दुसऱ्यास लुबाडणे, छळणे अथवा भीती दाखवणे यांवर तिचा रोख असून, स्वतःच कागदावर लिहिलेल्या शक्तीवर स्वतःच विश्वास ठेवण्यास मनाई नाही, असे दिसून आले. लुबाडणूक म्हणाल तर पाचांपैकी एकाकडून समोशांचे पैसे दोनदा वसूल झाले होते, पण ती बाब दिवाणी स्वरूपाची होती.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन प्रांतातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून, तीन चोपड्यांच्या स्वरूपात, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो विक्रीस आला. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तर नसल्या. प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो, त्या पात्रास एक पेशा असतो, आणि पराक्रमाच्या प्रमाणात त्या पेशात श्रेणीवाढ मिळते. पेशाला मुले 'क्लास' म्हणतात. मी माझ्या सोयीसाठी खाते म्हणतो. लढवय्ये, चोर वगैरे खाती समजण्यास सोपी आहेत. गुंता आहे तो मांत्रिकांच्या खात्यांत, कारण मांत्रिकांच्या नेमणुका एकाच पद्धतीने होत नाहीत. विझर्ड हा पोथ्या घोकून मंत्र मिळवतो, म्हणजे तो स्पर्धा परीक्षा देऊन लागलेला. क्लेरिक हा कोणा देवतेच्या कृपेने मंत्र म्हणतो, म्हणजे तो शिफारशीने लागलेला. सॉर्सररच्या रक्तातच जादू असते, तो वतनदार. आणि वॉरलॉक हा एखाद्या अगम्य शक्तीशी करारनामा करून मोजके मंत्र मिळवतो, तो उघडच कंत्राटी. इतके समजल्यावर त्या जाडजूड ग्रंथाविषयी मला जी आत्मीयता वाटू लागली ती अद्याप ओसरलेली नाही.

मंत्रांच्या नऊ प्रती आहेत. (ग्रंथात पात्राची श्रेणी, मंत्राची प्रत आणि तळघराचा मजला या तिन्हींना 'लेव्हल' हाच एक शब्द योजला आहे. आमच्या खात्यात असा मसुदा शिरस्तेदारांनी तोंडावर फेकला असता. मी 'प्रत' हा शब्द स्वीकारला, कारण वर्धा-हिंगणघाटकडच्या माणसाला प्रत म्हटले की कापूस आठवतो, आणि कापसाच्या प्रतीविषयी आम्ही सहसा गोंधळ करीत नाही.) कोणत्या प्रतीचे किती मंत्र दिवसाकाठी म्हणता येतील याची तरतूद ठरलेली असते, तिला 'स्लॉट' म्हणतात, आणि टपाल ठेवण्याच्या लाकडी खणांची मला सवय असल्यामुळे मी खण म्हणतो. मंत्र म्हटला की खण रिता झाला; रात्री आठ तास विश्रांती घेतली की पुन्हा भरला. मूळ कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० साली निघालेल्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातील आहे. तेथील जादूगार मंत्र घोकून डोक्यात ठेवतो आणि एकदा उच्चारला की साफ विसरतो. यात अद्भुत ते काय, हे मला कळले नाही. परीक्षेच्या मंडपातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडते.

आता तंट्याचे मूळ. पाचांपैकी एका मुलाचे पात्र एकाच वेळी दोन खात्यांत होते: विझर्डाच्या खात्यात तिसरी श्रेणी आणि क्लेरिकाच्या खात्यातही तिसरी. एका माणसाने दोन खात्यांत पाय ठेवण्याला मुले 'मल्टिक्लास' म्हणतात. तशी मुभा आहे, पण प्रवेशासाठी विझर्डास बुद्धी आणि क्लेरिकास शहाणपण, प्रत्येकी किमान तेरा गुण लागतात. बुद्धी आणि शहाणपण यांचे रकाने निरनिराळे ठेवणारा ग्रंथ मी आयुष्यात प्रथमच पाहिला. सेवापुस्तकात अशी सोय असती तर कित्येक बढत्यांचे कोडे उलगडले असते.

समोर तरसाच्या तोंडाच्या राक्षसांची एक टोळी उभी होती. या मुलाने अंगातील सारे बळ एकवटून "फायरबॉल!" अशी गर्जना केली, आणि डीएमने नकार दिला. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकलेला असताना घरात आणखी एक अग्निगोल निर्माण करण्याची निकड काय, अशी पृच्छा स्वयंपाकघरातून झाली. परंतु तो मुद्दा विषयाला सोडून असल्यामुळे कोणी कार्यवृत्तात घेतला नाही.

"मामाजी, तुमीच सांगा," तो मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला. "फायरबॉल तिसऱ्या प्रतीचा. तिसऱ्या प्रतीचे तीन खण माह्याजवळ हायेत का नाही? पुस्तकात लिवलं हाय. मंग खण हाये त मंत्र काऊन नाही?"

पुस्तक माझ्याकडे देण्यात आले. भाच्याने जुने विकत घेतलेले, २०१४ सालचे. मी चष्मा लावला, दोन्ही पाने तीनदा वाचली, आणि चौतीस वर्षांत वाचलेल्या अगणित परिपत्रकांपैकी एकही इतके स्वच्छ नव्हते हे मला कबूल करावे लागले. आशय असा: दोन्ही खात्यांतील श्रेणींची बेरीज करावी, आणि त्या बेरजेइतक्या श्रेणीच्या निखळ मांत्रिकाला जितके खण मिळतात तितके या इसमास द्यावेत, परंतु त्यास कोणते मंत्र येतात हे प्रत्येक खात्यापुरते स्वतंत्रपणे, दुसरे खाते जणू अस्तित्वातच नाही अशा रीतीने, ठरवावे. तीन आणि तीन सहा. सहाव्या श्रेणीला पहिल्या प्रतीचे चार, दुसऱ्या प्रतीचे तीन आणि तिसऱ्या प्रतीचे तीन खण. बरोबर. परंतु तिसऱ्या श्रेणीच्या विझर्डाला दुसऱ्या प्रतीपलीकडचा मंत्र येत नाही, आणि तिसऱ्या श्रेणीच्या क्लेरिकालाही येत नाही. सबब, तिसऱ्या प्रतीचे तीन खण मंजूर; त्यात ठेवण्याजोगा तिसऱ्या प्रतीचा मंत्र मात्र एकही नाही. लहान मंत्र मोठ्या खणात ठेवण्याची परवानगी आहे, आणि तसा ठेवला असता तो तळलेल्या पापडाप्रमाणे थोडा फुगतो, इतकीच सवलत.

अधिकारांची बेरीज होते, विद्येची होत नाही. हा सिद्धांत मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, एका तालुक्याच्या ठिकाणी मी अव्वल कारकून असताना, तेथील नाझर दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आला. एका दिवसात माझ्याकडे दोन शिक्के, दोन हजेरीपुस्तके आणि तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या जमा झाल्या. तिजोरीला दोन कुलुपे असण्याचे कारण हे की दोन कर्मचाऱ्यांनी परस्परांवर अविश्वास ठेवावा. ते दोघेही आता मीच असल्यामुळे, शासनाचा हेतू विफल होऊ नये म्हणून, मला स्वतःकडे संशयाने पाहणे भाग होते, आणि ते मी प्रामाणिकपणे केले. वेतनाच्या दिवशी पहिले कुलूप मी अव्वल कारकून या नात्याने उघडले. दुसरे उघडेना. त्याची किल्ली आधी उलट अर्धा फेरा, मग किंचित वर उचलून सुलट दीड फेरा, अशी फिरवावी लागे, ही विद्या केवळ नाझरांना अवगत होती आणि ती त्यांनी रजेवर जाताना सोबत नेली होती. कार्यभार हस्तांतरणाच्या तक्त्यात किल्लीची नोंद होती, फेऱ्यांची नव्हती. सायंकाळी साडेपाच वाजता, सारा कर्मचारीवर्ग व्हरांड्यात उभा असताना, आमच्या शिपायाने ते कुलूप एका झटक्यात उघडले. वीस वर्षे नाझरांच्या मागे कंदील धरून उभा राहिल्याने त्याला ते येत होते. शिपायाकडे विद्या होती आणि खण नव्हता. माझ्याकडे खण होता. त्या दिवसापासून दुहेरी कार्यभाराचे आदेश मी सहानुभूतीने वाचतो.

या एका प्रश्नावर लेक जिनीव्हाकरांनी व त्यांच्या वारसांनी पन्नास वर्षांत जितक्या वेळा मत बदलले तितक्या वेळा आमच्या सचिवालयानेही बदलले नसेल. १९७४ च्या चोपड्यांत एल्फ नावाच्या जमातीला लढवय्या आणि मांत्रिक या दोन्ही खात्यांत राहण्याची मोकळीक होती. मात्र आजच्या मोहिमेपुरते आपण कोण हे आरंभीच सांगावे लागे, मोहिमेच्या मध्यावर खाते बदलता येत नसे. म्हणजे सकाळी हजेरी एका पुस्तकात लावली की दिवसभर तेच. १९७८ साली नियम विस्तारले. मनुष्येतर जमातींना दोन-तीन खाती एकाच वेळी चालवता येऊ लागली, पण मिळवलेला अनुभव सर्व खात्यांत समान वाटून जाई, आणि पुष्कळ खात्यांत एका ठरावीक श्रेणीवर दक्षतारोध असे, ज्याच्या पुढे जन्मभर बढती नाही. मनुष्यास मात्र दोन खाती एकत्र नाहीत. त्याने जुने खाते सोडून नवे धरावे, त्यासाठी जुन्या खात्याच्या मुख्य गुणात किमान पंधरा आणि नव्याच्या गुणात सतरा असावेत, आणि नव्या खात्यात जुन्याहून वरची श्रेणी गाठेपर्यंत जुन्या विद्येचा वापर करू नये. केल्यास त्या मोहिमेचा अनुभव जमा होणार नाही. हे कलम वाचून माझ्या डोळ्यांपुढे लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडे लिपिक म्हणून आलेले एक सुभेदार उभे राहिले. कार्यालयात दोन पक्षकारांची मारामारी झाली तेव्हा त्यांनी उठून ती दोन मिनिटांत मिटवली, आणि त्या दिवसाची आवक-जावक अपूर्ण राहिली म्हणून त्यांना ज्ञापन मिळाले.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने उदारमतवाद पत्करला: कोणीही, केव्हाही, कोणत्याही खात्याची श्रेणी घ्यावी. लढवय्यांची चंगळ झाली आणि मांत्रिक बुडाले. विझर्डात पाच आणि क्लेरिकात पाच श्रेणी मिळवून दहाव्या श्रेणीला पोहोचलेला बिचारा दोन्हीकडे तिसऱ्या प्रतीवर अडून बसे, आणि त्याच्या शेजारी दहा श्रेणींचा निखळ विझर्ड पाचव्या प्रतीचे मंत्र भिरकावीत असे. ओरड झाली. २००३ साली दुरुस्त आवृत्तीत 'मिस्टिक थिअर्ज' नावाचे एक खास पद निर्माण करण्यात आले. त्याची प्रत्येक श्रेणी दोन्ही खात्यांत एकाच वेळी जमा होई. तीन अधिक तीन अधिक दहा, अशा सोळाव्या श्रेणीला हा गृहस्थ दोन्ही खात्यांत तेराव्या श्रेणीइतके मंत्र म्हणू लागे. सोळा श्रेणींत सव्वीस श्रेणींचे काम! कोणताही लेखापरीक्षक येथे लाल पेन्सिल उचलील. गंमत ही की हे पद मिळेपर्यंतची वाटचाल इतकी रखरखीत आहे की ते मिळवणारा बहुधा वाटेतच तरसांच्या पोटात गेलेला असतो. मग २०१४ साली खणांची बेरीज आली, आणि तिच्यासोबत अपूर्णांकही आले. पॅलाडिन आणि रेंजर हे अर्धे मांत्रिक, म्हणून त्यांच्या श्रेणी बटईने मोजायच्या. पाच श्रेणींचे अर्धे अडीच, त्यातील अर्धा सोडून द्यायचा. २०२४ च्या नव्या आवृत्तीत तो अर्धा वर धरून पुरते तीन करायचे ठरले. दहा वर्षे जगभरच्या पॅलाडिनांचा अर्धा-अर्धा कोठे जमा होत होता, याची चौकशी झाल्याचे दिसत नाही.

या साऱ्या नियमांतून जो पळवाट काढतो त्याला मुले 'कॉफीलॉक' म्हणतात, आणि त्याच्या चातुर्याला मी मनोमन सलामी देतो. हा इसम अर्धा कंत्राटी वॉरलॉक, अर्धा वतनदार सॉर्सरर. कंत्राटी खण तासाभराच्या विसाव्याने पुन्हा भरतात. ते वटवून वतनी खात्यात गुण घ्यायचे. त्या गुणांचे नवे खण करायचे. आणि हे नवे खण रात्रीच्या पूर्ण विश्रांतीनंतरच रद्द होत असल्यामुळे पूर्ण विश्रांती घ्यायचीच नाही. तो निजत नाही. तास-तास डुलक्या काढून तो खणांची रास रचीत राहतो. आमच्या खात्यात अर्जित रजा न घेता साठवून निवृत्तीच्या दिवशी तिचे रोखीकरण करणारे कारकून होते, मुलीच्या लग्नालाही ते किरकोळ रजेवर गेले. पण तेथे शासनाने ३०० दिवसांची कमाल मर्यादा घालून ठेवली आहे. खेळवाल्यांना हे उशिरा सुचले. २०१७ च्या एका पुरवणी ग्रंथात त्यांनी, चोवीस तास न झोपणाऱ्याने आपल्या प्रकृतीची परीक्षा द्यावी, आणि दर दिवशी ती कठीण होत जावी, असा ऐच्छिक नियम घातला. ऐच्छिक नियमाचे काय होते हे मी सांगावयास नको.

या खटाटोपाच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: ज्याला दोन गोष्टी येतात त्याच्याकडून त्याची किंमत कशी वसूल करावी? वर्धा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी अक्षरविद्या आणि हस्तोद्योग यांचे एकत्र खाते करण्याचा विचार मांडला, झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला, आणि वर्धा योजना हे नाव देशभर झाले. त्या वाऱ्याची शेवटची झुळूक माझ्या प्राथमिक शाळेपर्यंत पोहोचली होती. पाढे म्हणत टकळीवर सूत काढायचे. मी सतराच्या पाढ्याला आलो की सूत तुटे, आणि सूत जुळवले की पाढा तुटे. योजनेचा यात दोष नाही. माझे तेरा गुण कोणत्याच रकान्यात नव्हते. आर्वी-कारंजाकडची गवळाऊ गाय या कामी माझ्याहून सरस. तिचे गोऱ्हे गाडीला हलके आणि चालीला तेज, ती स्वतः बेताचे दूध देणारी. दुधाच्या खात्यात गीर तिच्या पुढे, ओढीच्या खात्यात खिल्लार पुढे, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने ती दावणीला ठेवली, कारण दोन जनावरांचा कडबा त्याच्याकडे नव्हता. तिच्या समतोलासाठी कोणी तक्ता केला नाही.

मांत्रिकांच्या बाबतीतही आमची परंपरा कोरडी नाही. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचे स्थान आहे, आणि त्या टेकडीवर गोल, सुपारी-नारळासारखे दगड विखुरलेले आढळतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट जातीचे खनिज म्हणतात. आख्यायिका अशी की दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्याने त्यांच्या नारळांसकट सारा माल दगड करून टाकला. ते शरण आले, तेव्हा वाळलेल्या पानांपासून तितकाच नवा माल करून दिला. ही कथा मी मुलांना सांगितली. डीएमने ताबडतोब पेन्सिल उचलून विचारले की दगड करणे हा एक मंत्र आणि पानांचा माल करणे हा दुसरा, तर यांची प्रत कोणती, आणि दोन्ही एकाच खात्यातील काय? मी म्हटले, बाबा, त्या टेकडीवर हिंदूही जातात आणि मुसलमानही जातात, आणि कोणत्या खात्यात आलात हे तेथे कोणी विचारीत नाही. यावर तो समाधानी झाला नाही, असे त्याच्या मुद्रेवरून दिसले. नियमपुस्तक पाळणारा मुलगा आहे, पुढे जाईल.

त्याचे समाधान झाले ते नळाच्या कथेने. आर्वीच्या बाजूने वर्धा नदी ओलांडली की कौंडिण्यपूर लागते. विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी आमची श्रद्धा आहे. फाशांच्या पायी राज्य घालवलेला नळ, कर्कोटक नागाच्या दंशाने कुरूप झालेला, बाहुक हे नाव धारण करून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता, आणि दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून निघालेल्या त्या राजाला घेऊन तो एका दिवसात कुंडिनपूर गाठण्याच्या बेताने घोडे पळवीत होता. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून, त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत, असे सांगितले. नळाने रथ थांबवला. राजाला उशीर होत होता, पण बाहुक झाड तोडून मोजल्याशिवाय हलेना. विदर्भाचा जावई तो, तपासणीवाचून आकडा कसा स्वीकारील? मोजले, बरोबर निघाले. मग तेथल्या तेथे करार झाला: राजाने बाहुकाला अक्षविद्या, म्हणजे फाशांचे व गणनेचे मर्म द्यावे, आणि बाहुकाने राजाला अश्वविद्या द्यावी. राजाने आपली विद्या लगेच दिली, आणि घोड्यांची विद्या तूर्त तुझ्यापाशीच ठेव म्हणून राहू दे, असे सांगितले. वनपर्वातील हा व्यवहार मी अनामत खात्याचा आदर्श नमुना मानतो. विद्या अंगी येताच नळाच्या शरीरात दडून बसलेला कली कर्कोटकाचे विष ओकत बाहेर पडला आणि त्या बेहड्यात शिरला. प्राचीन काळचे फासे बेहड्याच्या फळांचेच असत, म्हणजे कली आपल्या घरी परतला, इतकेच.

"म्हणजे नळ सारथी, वर आचारी, आणि मग गँबलर," भाचा बोटे मोजत म्हणाला. "तीन क्लास. आणि नर्फ काहीच नाही?"

नर्फ म्हणजे वाढलेली ताकद नियमाने छाटणे, हे मला तोवर माहीत झाले होते. मी म्हटले, राज्य, बायको, दोन लेकरे आणि अंगावरचे एकुलते एक वस्त्र, इतकी वजावट त्याच्या वेतनातून आधीच झाली होती.

निवाडा द्यायचा राहिला होता, तो दिला. अर्जदाराचे खण कायम. अग्निगोलाची मागणी, विद्येच्या अभावी, नामंजूर. मात्र दुसऱ्या प्रतीच्या अग्निशलाका तिसऱ्या प्रतीच्या खणात घालून तीनऐवजी चार सोडण्यास हरकत नाही. मुलाने मान खाली घालून चार शलाका सोडल्या. वीस अंगांचा फासा चार वेळा पडला, तीन शलाका भिंतीला लागल्या आणि एक तरसाच्या शेपटीला. मग निखळ विझर्डाची पाळी आली. अभियांत्रिकीचा, चष्म्यातला, आजवर एकच विषय घेऊन चाललेला तो मुलगा. सहा श्रेणी एकाच खात्यात, विद्या पूर्ण, खण पूर्ण. त्याने अग्निगोल सोडला. तरसमुखी सर्व जळाले. गुहा चाळीस फूट लांबीची होती आणि गोलाची व्याप्तीही चाळीस फुटांची होती, हे सोडून झाल्यावर डीएमने मोजून दाखवले. सोबतचे दोघेही भाजून बेशुद्ध पडले, आणि स्वतः विझर्डाच्या भुवया गेल्या.

सतरंजीवर क्षणभर कूलरचा तेवढा आवाज उरला. मग दोन खात्यांतल्या मुलाने घसा साफ केला, तिसऱ्या प्रतीचे दोन खण शिल्लक असल्याचे कागद वर धरून दाखवले, आणि क्लेरिकाच्या खात्यातील, पहिल्या प्रतीचा, जखमा बऱ्या करण्याचा अगदी साधा मंत्र त्या मोठ्या खणांत घालून आठ अंगांचे तीन-तीन फासे दोनदा टाकले. दोघेही उठून बसले. विझर्डाकडे पाहून तो म्हणाला, "भुवयाले खण नाही पुरत बाप्पा."

सुट्टी संपून मुले पांगली. सतरंजी झटकताना तिच्याखालून हिरव्या रंगाचा, वीस अंगांचा एक फासा निघाला. तो कोणाचा हे दूरध्वनीवर निश्चित होऊ शकले नाही. तिघांनी हक्क सांगितला, एकाने सोडला. मी तो माझ्या टाचणवहीत 'अनामत, एक नग, ऋतुपर्णाच्या दाखल्याप्रमाणे' अशी नोंद करून चष्म्याच्या घरात ठेवला आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो सुस्थितीत राहावा म्हणून रोज सकाळी, चहाच्या आधी, एकदा टाकून पाहतो. अद्याप वीस आलेला नाही. काल एकोणीस आला होता.